सूचक म्हणून माझी सही

२३ नोव्हेंबर, रविवार

ही यांच्या कंपनीची सहा वर्षांपूर्वीची डायरी. कोरीच राहिली होती. तारखा छापलेल्या आहेत पण वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून मी माझा लिहिते. माझी मुलगी दीप्ती काल चेंबूरहून फोनवर म्हणाली, "आई, तू दिवसभर वाचत असतेस. थोडं लिहीत पण जा ना. मन हलकं होतं." मी म्हटलं, माझं मन जड आहे असं कोणी सांगितलं तुला?

जड नाही. यांना जाऊन साडेचार वर्षं झाली. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय गेली, पण गाळताना हात अजून थांबतो. एवढंच.

माझ्याबद्दल लिहायचं तर सुलक्षणा श्यामसुंदर धुरी, वय एकसष्ट. शाळा चौथीपर्यंत, देवगडजवळच्या गावात. लग्न होऊन घाटकोपरला भटवाडीच्या टेकडीवर आले तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचायलाही मला वेळ लागायचा. हे विक्रोळीच्या कंपनीत फिटर होते. कामगारांच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि म्हणायचे, बोट ठेवून वाच, लाज कसली? वाचता वाचता बोट कधी सुटलं ते कळलं नाही. आता आठवड्याला एक पुस्तक संपतं. लिहायची मात्र सवय नाही. अक्षर बघून मलाच हसू येतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज भाऊराव आला होता. भाऊराव हडकर, दोनदा आमचा नगरसेवक होता, आता महापालिकेला पुन्हा उभा राहतो आहे. खालून आमच्या खोलीपर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत. सगळ्या चढून आला, मागे तीन माणसं. त्यांना दारातच थांबवलं. चपला काढल्या, यांच्या फोटोपुढे उभा राहिला, आणि खुर्ची सोडून खाली बसला.

"काकी, घावणे कर ना."

"फोन करून यायचं होतंस. आता काय आहे घरात? कालची भाकरी आणि सुका जवळा."

"वाट लागली. डॉक्टरनं मीठ बंद केलंय," म्हणाला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पूर्वी मंडळाच्या खोलीत हे संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचे. भाऊराव दहावीला तीनदा नापास झालेला. गणितात दर वेळी अकरा, बारा. चौथ्यांदा यांनी त्याला पास करून दाखवला, छत्तीस मार्कांनी. त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि यांच्या पायावर डोकं ठेवून जो रडला तो उठेना. तेव्हापासून हे त्याचे काका.

जेवण झाल्यावर म्हणाला, "काकी, अर्ज भरायचाय. सूचक लागतो. काका असते तर काकांची सही घेतली असती. आता तुझी."

वॉर्डातल्या एका मतदारानं अर्जावर सही करून द्यायची, की ह्या माणसाचं नाव मी सुचवते. त्याला सूचक म्हणतात. मी म्हटलं, तुला शंभर माणसं मिळतील रे. तर म्हणाला, "शंभर मिळतील गं. पण माझ्या अर्जावर सही करायला धुऱ्यांच्या घरचं माणूस असलं की लोक गप्प बसतात."

मी हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

७ डिसेंबर, रविवार

पेपरात भाऊरावचं नाव आलं आहे. 'उपनगरातील टोळीशी संबंध असल्याचा आरोप असलेले माजी नगरसेवक.' फोटो लग्नातला असावा, गळ्यात हार होता. चहा पिताना तीनदा वाचलं.

नवीन काही नाही. सोळा वर्षांपूर्वी नाक्यावर एका बिल्डरच्या माणसावर गोळी झाडली गेली, तेव्हा भाऊराव अकरा महिने आत होता. साक्षीदार फिरले आणि सुटला. दुकानदार त्याचं नाव हळू आवाजात घेतात, तेही मला दिसतं. दीप्तीनं एकदा यांना विचारलं होतं, बाबा, हा माणूस आपल्याकडे कसा जेवतो? हे म्हणाले होते, "सिद्ध झालं नाही आणि घडलं नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. पण माझ्या दारात तो गणित सोडवायला आलेला मुलगा आहे. मी दाराबाहेरचा भाऊराव ओळखत नाही."

मला ते उत्तर तेव्हा फार आवडलं होतं.

१० डिसेंबर, बुधवार

दुपारी कुंदा आली. ती रोज तीनला येते. चाळीस पायऱ्या खाली राहते, मुलगा सर्वेश आणि सून श्वेता यांच्याबरोबर. हे गेले त्याच आठवड्यात तिचे यजमान अंबादास गेले, त्याच साथीत. मला तर दहा दिवसांनी कळलं, मी शुद्धीवर नव्हते. आधी आमची फक्त पायऱ्यांवरची ओळख होती. तेरावं वगैरे झाल्यावर एक दिवस ती वाटीभर सोलकढी घेऊन आली आणि मग येतच राहिली. तिला वाचायचा कंटाळा, म्हणून मी मोठ्यानं वाचते. ती भाजी निवडते आणि मध्येच विचारते, "ती बाई शेवटी मेली का राहिली, तेवढं सांग आधी. मग मी निवांत ऐकते."

आज मी सहीचं सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "कर हो. तुझा आहे तो."

"तुझ्या सर्वेशलाही त्यानंच लावलं ना कामाला?"

"हो गो. त्यानंच." मग म्हणाली, "वाच पुढे."

१४ डिसेंबर, रविवार

आज माझा व्हिडिओ काढला. भाऊरावच्या प्रचाराचं बघणारी अनुपमा नावाची मुलगी आली होती. मला खिडकीजवळ बसवलं, साडीचा पदर तीनदा नीट केला.

"काकी, भाऊंनी कोविडमध्ये तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. आणि 'देवासारखे धावून आले' असं म्हणाल का?"

मी म्हटलं, दहावीला तीन वेळा नापास झालेला देव मी ऐकला नाही. जे झालं ते सांगते.

ते मी पाठ झाल्यासारखं सांगते. मंडळात सांगितलंय, हळदीकुंकवाला भाऊरावनं आम्हा विधवांनाही बोलावून पुढे बसवलं होतं तेव्हा माइकवर सांगितलंय. त्या एप्रिलात बाविसाव्या तारखेला यांचा श्वास लागला. हॉस्पिटलात जागा नाही. ऑक्सिजन भरून मिळत होता, पण टाकी मिळत नव्हती. स्वतःची टाकी असेल तरच भरून देत. दीप्ती फोन करून करून रडत होती. मी भाऊरावला एक फोन केला. दुपारी एक वाजता भाऊरावचा माणूस नंदू आणि आणखी दोघं जण टाकी खांद्यावर घेऊन एकशे बारा पायऱ्या चढून आले. टाकीला मास्कसुद्धा लावलेला होता, काटा अर्ध्यावर होता, लगेच सुरू केली. मग रोज भाऊरावची माणसं ती भरून आणत. त्यावर हे पाच दिवस जगले. आणि गेले तेव्हा, जावईसुद्धा घाबरून खाली थांबला असताना, प्लास्टिकच्या त्या पोशाखात भाऊरावनं स्वतः खांदा दिला. पायऱ्या उतरताना त्याचा चष्मा वाफेनं भरला होता आणि त्याला पायाखालचं दिसत नव्हतं. तरी त्यानं कोणाला हात लावू दिला नाही.

अनुपमाचे डोळे भरले. "झकास, काकी. एका टेकमध्ये."

कुंदा दारातच बसली होती. मी सांगायला लागले तशी उठली, म्हणाली, गॅसवर दूध ठेवलंय. ती दूध ठेवून कधी येत नाही. विसरली असेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

व्हिडिओ सगळ्या टेकडीच्या ग्रुपवर फिरतो आहे. भाजीवालासुद्धा म्हणाला, काकी, टीव्हीवर जा आता.

कुंदा चार दिवस आली नाही. फोन केला तर म्हणते पाय दुखतो.

२० डिसेंबर, शनिवार

पायाला लावायला तेल घेऊन खाली गेले. कुंदा घरी नव्हती. श्वेता म्हणाली, "आई सकाळीच गावाला गेल्या. सावंतवाडीला, बहिणीकडे."

मला न सांगता? मी म्हटलं. श्वेता भांडी पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसायला लागली. मग म्हणाली, "काकी, तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा ना."

"का गं? वाईट दिसते का मी?"

"ती टाकी आमची होती."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, कुठली टाकी?

तिनं सांगितलं. कुंदाचे भाऊ मार्तंडमामा भांडुपला राहतात. त्यांच्या शेजारचा माणूस बरा झाला, त्याची टाकी उरली, ती मामांनी टेम्पोत घालून अंबादाससाठी पाठवली. सर्वेश आणि त्याचा मित्र ती घेऊन वर येत होते. मंडळाच्या खोलीपाशी वळणावर नंदू उभा होता. म्हणाला, भाऊंना पाहिजे. सर्वेश म्हणाला, बाबांसाठी आहे. "नंदूनं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला काकी. बाकी काही नाही केलं. फक्त हात ठेवला. आणि ह्यांनी सोडली."

अंबादास त्याच संध्याकाळी सहाला गेले.

मग श्वेता घाबरली. माझे दोन्ही हात धरले. "आईंना सांगू नका मी बोलले. त्यांनी शपथ घातली होती आम्हाला. आणि भाऊंना तर नकोच. ह्यांचं काम त्यांच्याच शब्दावर आहे, कंत्राट दर वर्षी नवीन होतं."

मी तेल तिथेच विसरून आले. चाळीस पायऱ्या चढायला किती वेळ लागला ठाऊक नाही. वळणावर थांबले होते. तिथे आता गणपतीच्या मंडपाचे बांबू रचून ठेवले आहेत.

२१ डिसेंबर, रविवार

आज काही वाचलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

कुंदाच्या समोर मी ते किती वेळा सांगितलं असेल? मंडळात ती माझ्या शेजारीच बसली होती. हळदीकुंकवाला मी माइकवर बोलत असताना खाली सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. तिनं वाजवल्या का, ते आठवायचा प्रयत्न करते आहे. घरात तर कितीदा. दर वर्षी बावीस एप्रिलला. ती भाजी निवडत असायची. एकदा तिचं बोट विळीवर कापलं होतं, मी हळद लावली आणि पुढचं सांगायला लागले.

ती मला का नाही बोलली?

आणि ती माझ्याकडे का येत राहिली?

२३ डिसेंबर, मंगळवार

काल डोक्यात येत होतं ते आज लिहायचं ठरवलं, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मी लिहायला बसले होते की ते पाच दिवस मला मिळाले नसते तर बरं झालं असतं. ते लिहिता येत नाही. खोटं होईल. त्या पाच दिवसांतला एक तासही मी परत द्यायला तयार नाही. कुंदालाही नाही. हे वाईट आहे, पण असं आहे.

देवापुढे बसले तर तेही जमेना. उठून भांडी घासली.

आणखी एक. मास्क लावलेला होता, काटा अर्ध्यावर होता, हे मी साडेचार वर्षं सगळ्यांना सांगत आले. नवीन आणलेली टाकी अर्धी कशी असेल? मी इतकी वाचते. पुस्तकात असं काही आलं तर मी दोन पानांत ओळखते की ह्यात काहीतरी आहे. हे मला कसं नाही दिसलं?

२४ डिसेंबर, बुधवार

भाऊरावचा फोन. परवा अर्ज घेऊन येतो म्हणाला. "घावणे, काकी. ह्या वेळी आधी सांगतोय."

सही केली नाही तर तो कारण विचारणार. कारण सांगितलं तर सर्वेशच्या घरातून बाहेर पडलं हे त्याला पाच मिनिटांत कळेल. सही करून टाकावी असंही वाटतं. एक सही. पण उद्या कुंदा गावाहून येईल आणि तिला कळेल की मला सगळं कळल्यावरही मी केली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी अकराला आला. बरोबर वकील आणि नंदू. नंदूला आज मी नीट पाहिलं. चाळिशीचा साधा माणूस, टक्कल पडलंय. हात मोठे आहेत.

घावणे केले होते, ते वाढले. मग वकिलानं अर्ज पुढे केला आणि फुली केलेल्या जागेवर बोट ठेवलं. मी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

भाऊराव हसला. "अगं काकी, सगळं काय वाचतेस? माझा वकीलसुद्धा वाचत नाही."

"वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं तुझ्या काकांनी शिकवलंय."

वकील घड्याळ बघत होता. सोबतच्या शपथपत्रात गुन्ह्यांचं एक पान होतं. पाच. खंडणी, मारहाण, धमकी, कट, आणि एक मला कळला नाही तो. प्रत्येकापुढे लिहिलं होतं, निर्दोष किंवा प्रलंबित. त्या पानावर टाकी नव्हती. मी दुसऱ्यांदा बघितलं.

पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "भाऊराव, ह्या दोघांना जरा बाहेर पाठव."

ते गेले. मी विचारलं, "ती टाकी तू कुठून आणली होतीस?"

त्याचा घास हातात राहिला. "कोण बोललं?"

"कोण बोलणार? मास्क लावलेला, काटा अर्ध्यावर. एवढं मला वाचता येतं. मला तेव्हाच कळलं होतं, ही कुणाच्या तरी घरची आहे."

हे मी श्वेताला वाचवायला म्हणाले. पण ते खोटं होतं का, हे मला आता नीट सांगता येत नाही.

त्यानं घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "तू फोन केलास, काकी. 'काकांचा श्वास लागलाय' म्हणालीस. मी नंदूला सांगितलं, अर्ध्या तासात टाकी पाहिजे, कुठूनही. कुणाची ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणता आली नसती."

"आणि नंतर?"

"नंतर कळलं. मग त्या घरासाठी केलं ना मी. त्यांच्या पोराला..."

"घर कुठलं ते मला सांगू नकोस," मी मध्येच म्हटलं. "मला ह्याच पायऱ्यांवरून रोज खाली जायचं असतं. त्यांच्यासाठी जे केलं असशील ते मात्र मोडू नकोस. कधीच. मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही."

"मोडायला मी काय..." म्हणाला आणि थांबला. मग चिडला. "तुला तेव्हा कळलं होतं तर परत का नाही पाठवलीस? आज साडेचार वर्षांनी मला विचारतेस?"

"नाही पाठवली. ठेवून घेतली. म्हणूनच सही करत नाही."

"म्हणजे काय?"

"तू आणलीस, मी ठेवली. ते काम आपण दोघांनी केलंय, भाऊराव. आता मीच लिहून देऊ की हा माणूस चांगला, ह्याला निवडा? मी कोण सांगणारी?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता ओरडेल. तर त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझे होते गं काका," म्हणाला. "माझ्या बापासाठी मी असं धावलो नाही. मी काय बघत बसायचं होतं?"

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस रंगवलेले आहेत, मुळाशी पांढरे दिसतात. मी म्हटलं, "नाही रे. बघत बसायचं नव्हतं." मला त्याचा राग यायला पाहिजे होता, आणि येत होता, पण हात काढून घ्यावासा वाटला नाही.

निघताना चपला घालत म्हणाला, "उद्या मी टेकडीवरचा पाण्याचा पंप बंद करीन असं वाटलं असेल ना तुला?"

"वाटलं."

"एवढा वाईट नाही मी."

"तो व्हिडिओ काढ," मी म्हटलं.

पायऱ्यांवरून त्याचा आवाज येत होता, वकिलाला सांगत होता की काकींची तब्येत बरी नाही, दुसरा माणूस बघ.

२७ डिसेंबर, शनिवार

व्हिडिओ ग्रुपवरून गेला. पाणी आलं. नेहमीसारखं सव्वासहाला.

दीप्तीला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी रडेन. तीच रडली. म्हणाली, "आई, फोन करायला मीच सांगितलं होतं तुला." हे मी पार विसरले होते. मग बराच वेळ मी तिची समजूत घालत होते.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल मतदान झालं, आज निकाल. भाऊराव आला निवडून. दुपारभर खाली ढोल वाजत होते. मी कोणाला मत दिलं ते इथेही लिहीत नाही.

सर्वेशचं कंत्राट पुढच्या वर्षासाठी झालं, असं श्वेतानं पायऱ्यांवर उभ्या उभ्या सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हती. जाताना म्हणाली, "आई उद्या येतायत."

१८ जानेवारी, रविवार

तीन वाजता कुंदा आली. माझ्या पायऱ्या चढून आलेली, दम लागलेला. हातात गावची कोकमं. मी दारातच उभी राहिले.

"बाजूला हो की गो," म्हणाली. "का इथेच उभं करून ठेवतेस?"

आत येऊन नेहमीच्या जागी बसली. श्वेतानं तिला सांगितलं होतं. मी हात जोडायला गेले तर तिनं माझ्या हातावर फटका मारला.

"तुला काय माहीत होतं?"

"माहीत व्हायला पाहिजे होतं. तू मला का नाही गं बोललीस? मी तुझ्यापुढे इतक्या वेळा..."

"पहिल्यांदा आले ना, ती सोलकढी घेऊन, तेव्हा बोलायलाच आले होते," कुंदा म्हणाली. "सगळं ठरवून आले होते. तू दार उघडलंस. केस विंचरलेले नाहीत, ब्लाउज उलटा घातलेला. मला म्हटलंस, साखर घालू का चहात. मी म्हटलं, घाल. मग काय बोलणार?"

मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, बस.

"मी गेले ना गावाला, ती रागानं नाही गेले. आता व्हिडिओ रोज कोणी ना कोणी दाखवणार, ते नको झालं. तू सांगतेस त्याचं मला काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटायचं. पण मी ऐकायला बसायचे. दर वेळी वाटायचं, आज तरी ही पुढचं सांगेल."

"पुढचं काय?"

"तू टाकी आली ते सांगतेस. भाऊरावनं खांदा दिला ते सांगतेस. मधलं कधीच सांगत नाहीस. पाच दिवस. काय झालं गो त्या पाच दिवसांत? काही झालं ना? फुकट नाही ना गेले?"

मी सांगायला लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी यांनी पेज मागितली आणि तीन चमचे प्यायले. दुसऱ्या दिवशी मी यांची नखं कापली, एक नख जरा जास्त कापलं तर मास्कमधून मला रागावले. तिसऱ्या दिवशी दाढी करायचा हट्ट. कुंदा म्हणाली, "केलीस?" मी म्हटलं, अर्धीच झाली, हे दमले. अर्धीच राहिली. ती हसली. मीही. चौथ्या दिवशी म्हणाले, काहीतरी वाच. इतक्या वर्षांत मी यांना कधी वाचून दाखवलं नव्हतं, लाज वाटायची. मी वाचत होते आणि हे झोपले, तरी मी थांबले नाही, कारण थांबले तर जागे होतील असं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी माझं नाव घेतलं. यांनी माझं नाव फारसं कधी घेतलं नव्हतं, 'अगं' म्हणायचे.

कुंदानं डोळे पुसले. म्हणाली, "बरं झालं."

मग मी तिला विचारलं, जे मी साडेचार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. "कुंदा, त्या दिवशी दुपारी एकपासून सहापर्यंत तुमच्याकडे काय झालं?"

तिनं पदर नीट केला. आणि सांगायला लागली.

ती काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मी एकदाही मध्ये बोलले नाही.